तात्यांचा उडणारा हात, नॉर्मल ईईजी आणि १२१ सोडियम

पेशंट ६३ वर्षांचे, पन्हाळा तालुक्यातले, गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ काढणारा, म्हणून सगळी हयात गेलेली. बीपीची एक गोळी सोडली तर आजवर दवाखान्याचं तोंड बघितलेलं नाही. चिठ्ठीवर एकच ओळ होती, "उजव्या हाताला झटके, फिट? ईईजी करावा." मी ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा नोंदवणारं मशीन कोल्हापुरात चालवतो, डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. हे लिहितोय ते घरच्यांना विचारून, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलून. औषधाचा भाग ज्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी केस सांभाळली त्यांनी नंतर निवांत समजावून सांगितला, त्याच्या जोरावर लिहितोय.

सुरुवात दिवाळीनंतरची, म्हणजे गुऱ्हाळं पेटल्यावरची. तात्या रस उकळायच्या काहिलीजवळ उभे असताना हातातला झारा खाली पडला. वय झालं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग चहाचा कप पडला, मग मोबाईल, मग एकदा जेवताना भाकरीचा घास तोंडाऐवजी कानाकडं गेला. प्रत्येक वेळी एकच प्रकार, उजवा हात कोपरातून वळून झटक्यात वर येणार, त्याच बाजूचा गाल ओढला जाणार, आणि दोन-तीन सेकंदात सगळं पहिल्यासारखं. तात्या शुद्धीत, बोलायला लागले की बोलतात पण. गावात पहिलं निदान ठरलेलं, "अंगावरनं वारं गेलंय". कुणीतरी कांदा हुंगवला, काकी नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्या. त्यात वाईट काही नाही, माणूस घाबरला की जे सुचेल ते करतो. माझा राग आहे तो पुढच्या भागावर.

पहिल्या दवाखान्यात डोक्याचा सीटी झाला, नॉर्मल. लकव्याचा लहान झटका समजून रक्त पातळ करायची गोळी सुरू. फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी ईईजी झाला, तो पण नॉर्मल, आणि तिथं सांगितलं की फिट नाही, मानसिक आहे, पोराच्या लग्नाचं टेन्शन घेतलंय. पोराचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली, नातू बालवाडीत जातो, पण हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. तिसऱ्या ठिकाणी फिट धरून कार्बामॅझेपिन चालू केलं. आठवड्याभरात अंगावर पुरळ उठलं आणि तात्या भ्रमिष्टासारखं करायला लागले, रात्री उठून "आदण उतरवायचंय", म्हणजे आटलेल्या रसाची काहिल चुलीवरनं उतरवायचीय, म्हणून अंगणात जायचे. पुरळ उठल्यावर गोळी बदलून ऑक्सकार्बाझेपिन दिलं, जी त्याच घराण्यातली आहे. त्यानंतर आमच्याकडं आले.

आता रेकॉर्डिंगचं सांगतो कारण मला त्यातलं कळतं. काकींनी डोक्याला भरपूर खोबरेल लावून आणलेलं, तेल असलं की इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, मग आधी बेसिनला शाम्पूनं डोकं धुणं आलं. तोवर थोरला मुलगा मला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत होता, "सर, ह्ये बघा, हात असा उडतोय आणि तोंड पण वाकडं हुतंय. दिवसातनं पन्नासदा तरी हुत असंल." व्हिडिओ जेमतेम दहा सेकंदांचा, पण स्वच्छ. टेपनं माप घेऊन पेन्सिलीनं खुणा केल्या, पेस्ट लावून वायरी बसवल्या आणि मशीन चालू. डोळे उघडा, मिटा, तीन मिनिटं जोरात श्वास घ्या, मग लाईटचे फ्लॅश. साधारण अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमधे चार वेळा हात उडाला. कॅमेऱ्यात चारही वेळा दिसतोय, आणि स्क्रीनवर त्या क्षणी काय आलं? स्नायू आवळल्याचा काळाकुट्ट पट्टा, आणि तो जाताच खाली साधं, शांत, वयाला साजेसं ट्रेसिंग. फिटची म्हणतात ती टोकदार लाट एकही नाही.

इथं थांबून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण याच्यावरच निम्म्या घरांत भांडणं होतात. ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाही असं होत नाही. डोक्याच्या कातडीवर लावलेल्या इलेक्ट्रोडला मेंदूच्या वरच्या थराचा बऱ्यापैकी मोठा भाग एकदम पेटला तरच काही दिसतं, आत खोलवर किंवा छोट्याशा जागेत काय चाललंय ते कवटी आणि कातडी ओलांडून वर येईपर्यंत विरून जातं. आणि तात्यांसारख्या झटक्यांत वरचा ईईजी बऱ्याचदा नॉर्मलच येतो, हे आता चांगलं माहीत असलेलं आहे. त्यामुळं "ईईजी नॉर्मल, सबब मानसिक" हे लिहिणाऱ्यानं पेशंटकडं न बघता कागदाकडं बघितलं असं मी म्हणेन, कुणाला राग आला तर येऊ दे.

मी रिपोर्टसोबत तो चार झटक्यांचा व्हिडिओ आणि मुलाच्या मोबाईलमधला व्हिडिओ दोन्ही मॅडमना पाठवले. त्यांनी बघितले आणि पहिला प्रश्न विचारला तो हाताबद्दल नव्हताच, "सोडियम किती आहे?" फाईल चाळली तर कार्बामॅझेपिन सुरू व्हायच्या आधीचा एक रिपोर्ट सापडला, सोडियम १२९. नॉर्मल १३५ ते १४५. त्यावर कुणी काही केलेलं नाही, मीठ जास्त खा असं सांगितलेलं असणार. त्या दिवशी परत केलं तर १२१. म्हणजे आधीच कमी असलेल्या सोडियमवर सोडियम खाली आणणाऱ्या गोळ्या पडल्या, पहिल्या पण आणि बदललेल्या पण. रात्री उठून अंगणात जाणं बहुतेक त्यातलंच, निदान काही भाग तरी.

पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस, बहुतेक वेळा पुरुष, एका बाजूचा हात आणि त्याच बाजूचा चेहरा तीन सेकंदांच्या आत उडून जागेवर, दिवसातनं कितीतरी वेळा, सोबत रक्तात सोडियम कमी. हे सगळं एकत्र आलं की न्यूरोलॉजिस्टच्या डोक्यात एकच नाव येतं, एलजीआय-वन अँटिबॉडीमुळं होणारा मेंदूदाह. या झटक्यांना फेशिओब्रेकिअल डिस्टोनिक सीझर म्हणतात, ऑक्सफर्डच्या टीमनं २०११ साली त्यांचं नीट वर्णन केलं. त्याच्या एक वर्ष आधी, २०१० मधे कळलं होतं की ही अँटिबॉडी नेमकी एलजीआय-वन या प्रोटीनवर बसते, तोपर्यंत सगळे ती पोटॅशियम चॅनलवर, म्हणजे पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटांवर बसते असंच समजत होते. म्हणजे आजार जुनाच असणार, ओळख नवी. आमच्या आज्याच्या काळात अशी माणसं "म्हातारपणी वेड लागलं" या खात्यात गेली असणार.

आता हा दाह म्हणजे नक्की काय. एलजीआय-वन हे प्रोटीन मेंदूतल्या पेशीच बाहेर सोडतात आणि दोन पेशींच्या सांध्यावर ते अलीकडची आणि पलीकडची बाजू धरून ठेवतं. पोटॅशियमचे चॅनल आणि काही रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे भाग, आपापल्या जागेवर राहतात ते याच्या जिवावर. शरीरानं चुकून याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवल्या की ती पकड सुटते आणि पेशी उगाच पेटायला लागतात, जास्त करून आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस भागात. गंमत म्हणजे याच प्रोटीनच्या जीनमधे जन्मतः बिघाड असेल तर काही कुटुंबांत वेगळीच फिट येते, जिच्यात आधी कानात आवाज ऐकू येतात. तिथं अँटिबॉडीचा काही संबंध नाही, पण गडबड त्याच प्रोटीनची. आणि सोडियम का उतरतं, तर शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन गरजेपेक्षा जास्त सुटतं म्हणून, असं मानतात. मीठ कमी खाल्लं म्हणून नव्हे, पाणी जास्त साठलं म्हणून. त्यामुळं मिठाच्या पुड्या खाऊन हे सुटत नाही.

थोरल्याला हे पटेना, "मग फिटची गोळी दोन-दोन बदलली तरी उपयोग का न्हाई झाला?" तो स्वतः गुऱ्हाळावर जळव्या, चुलवाणात चिपाडं तोच घालतो, म्हणून मी त्याच्या भाषेत सांगितलं की काहिल उतू जायला लागली तर वरनं झाऱ्यानं किती वेळ मागं सारशील, खालचा जाळ कमी केल्याशिवाय उतू जायची थांबणार आहे का. फिटच्या गोळ्या पेशींचं पेटणं दाबतात, पेटवणारी अँटिबॉडी त्यांना दिसतच नाही. हे नुसतं माझं म्हणणं नाही, २०१८ साली ब्रेन या नियतकालिकात असे झटके येणाऱ्या १०३ पेशंटचा अभ्यास आलाय. फक्त फिटच्या गोळ्यांवर असताना साधारण १० टक्के लोकांचेच झटके थांबले, आणि दाह कमी करणारी ट्रीटमेंट जोडल्यावर ३० दिवसांत ५१ टक्के लोकांचे. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त टोचतो, झटके चालू राहिले तर ९० दिवसांत ५६ टक्के लोकांच्या स्मरणशक्तीवर आणि विचारांवर परिणाम दिसायला लागला होता. तात्यांचे नव्वद दिवस तीन दवाखान्यांतच गेले.

ॲडमिट केल्यावर पहिली दोन कामं, ऑक्सकार्बाझेपिन बंद आणि पाणी मोजून. सोडियम घाईनं वर आणायचं नसतं, २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण खराब होऊन कायमचं अपंगत्व येऊ शकतं, म्हणून नर्स ठरावीक तासांनी रक्त काढायच्या आणि काकी वैतागून म्हणायच्या, "किती रगत काढतासा, माणूस वाळून चाललाय." फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम ठेवलं. त्यानं सोडियमला धक्का लागत नाही, पण माणूस चिडचिडा होऊ शकतो आणि तात्या झालेच, जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस जावयाला नको ते बोलला.

एमआरआयमधे डाव्या हिप्पोकॅम्पसची जागा किंचित पांढरट, सुजल्यासारखी. डावी बाजू, उजवा हात, जुळतंय. पाठीतलं पाणी काढलं, ते नॉर्मल. थोरला डोकं धरून बसला, सीटी नॉर्मल, ईईजी नॉर्मल, पाणी नॉर्मल, मग आजार हाय तरी कुठं? पण एलजीआय-वनमधे पाठीतलं पाणी नॉर्मल येणं अगदी नेहमीचं, आणि ही अँटिबॉडी पाण्यापेक्षा रक्तात जास्त भरवशानं सापडते, म्हणून सँपल पाठवताना दोन्ही पाठवायची. छातीचा सीटी पण केला, क्वचित कुणाला थायमस या छातीतल्या ग्रंथीची गाठ असते, तात्यांना नव्हती.

रिपोर्ट बाहेरून येणार, बरेच दिवस लागणार. मॅडम रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत. व्हिडिओ आणि सोडियम एवढं बोलत असताना थांबून काय मिळणार. टीबी, कावीळ बी, शुगर बघून घेतली कारण स्टेरॉईड देताना आत दडलेलं इन्फेक्शन उफाळू शकतं, आणि मग मिथाइलप्रेडनिसोलोन एक ग्रॅम रोज, शिरेतून, पाच दिवस. काकींनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेननं रेघा मारायला सुरुवात केली होती, एक झटका एक रेघ, पाच झाल्या की आडवी. मी ते पान बघितलंय. स्टेरॉईडच्या आदल्या दिवशी रेघांनी पान भरलेलं, साठाच्या आसपास. तिसऱ्या दिवशी वीस-बावीस. सहाव्या दिवशी दोन, आणि त्यातल्या एकीपुढं काकींनी प्रश्नचिन्ह काढलेलं, म्हणजे त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती की झटका होता की डास मारायला हात उचलला. कुठल्याही ईईजीपेक्षा तो कागद मला जास्त कामाचा वाटला, मॅडमनी त्याचा फोटो फाईलला लावला. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, एलजीआय-वन पॉझिटिव्ह.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. घरी ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनची गोळी, ती हळूहळू काही महिन्यांत कमी करत न्यायची, सोबत पोटाची, कॅल्शियमची. शुगर २९० वर गेली, तोंड सुजलं. पाहुण्यातला एकजण शहाणा निघाला, "स्टेरॉईडनं किडनी जाती, बंद करा." आणि यांनी एका दिवसात बंद केली. स्टेरॉईड इतके दिवस घेतल्यावर एकदम तोडणं हे फक्त आजार परतण्यापुरतं धोक्याचं नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनणं तोवर झोपलेलं असतं, बीपी पडून माणूस दगावू शकतो. तात्यांचं नशीब की नुसती उलटी आणि चक्करवर निभावलं. पण हात परत उडायला लागला. एरवी पण या आजारात सुमारे एक-तृतीयांश लोकांत तो परत डोकं वर काढतो, बऱ्याचदा गोळी कमी करतानाच.

दुसऱ्या वेळी पर्यायांवर बसून बोलणं झालं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे आयव्हीआयजी, वजनाच्या किलोमागं दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. तात्या ५५ किलो, म्हणजे ११० ग्रॅम, खर्च लाखांत. याच्या मागं पुरावा आहे, २०२० मधे १७ पेशंटवर प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या सलाईनसारख्या गोष्टीशी, तुलना करून ट्रायल झाली, आयव्हीआयजीवाल्या आठपैकी सहा जणांच्या फिट निम्म्यानं किंवा जास्त कमी झाल्या, दुसऱ्या गटात नऊपैकी दोघांच्या. सतरा हा आकडा लहान वाटतो, पण इतक्या दुर्मिळ आजारात तेवढी माणसं गोळा करणं हेच मोठं काम. दुसरा पर्याय रिटक्सिमॅब, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांनाच कमी करणारं इंजेक्शन, भारतात बनणाऱ्या आवृत्तीमुळं त्यापेक्षा बरंच स्वस्त, पण या आजारात पुरावा तुलनेनं पातळ. घरचे म्हैस विकायच्या गोष्टी करायला लागलेले. शेवटी स्टेरॉईड परत आणि रिटक्सिमॅबचे दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतरानं, असं ठरलं. पैसे बघून निर्णय घेतला म्हणून कुणी नाक मुरडायची गरज नाही, आपल्याकडं निम्मी औषधं तशीच ठरतात आणि मॅडमनी दोन्हीचे आकडे समोर ठेवून ठरवलं.

हे ऐकून आमच्याकडं येणारे काही जण विचारतात, मग आमच्या पोराला पण स्टेरॉईड का नको. कारण प्रत्येक फिट अशी नसते. आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेनं २०१७ मधे फिटच्या कारणांचे सहा गट केले, मेंदूच्या रचनेतला दोष, जनुकं, इन्फेक्शन, चयापचय, प्रतिकारशक्ती, आणि अज्ञात. तात्या पाचव्या गटातले. मात्र दाह हा फक्त त्या गटापुरता नाही हे पण खरं. आपल्या भागात फिट घेऊन येणाऱ्यांपैकी काहींच्या स्कॅनमधे मेंदूत अळीची गाठ दिसते, पट्टकृमीची, आणि शाकाहारी माणूस पण तिच्यातून सुटत नाही कारण अंडी न धुतलेल्या भाजीतनं, हातातनं, पाण्यातनं जातात. ती अळी जिवंत असेपर्यंत बऱ्याचदा गप्प असते, मरायला लागली की भोवती सूज येते आणि तेव्हा फिट येते, म्हणूनच अळी मारणाऱ्या अल्बेंडाझोलसोबत स्टेरॉईड देतात, नाहीतर औषधानंच सूज वाढते. तान्ह्या बाळांच्या स्पाझम या फिटमधे पण स्टेरॉईड किंवा एसीटीएच, म्हणजे शरीराला स्टेरॉईड बनवायला लावणारं हार्मोन, चालतं. आणि अचानक सुरू होऊन कशालाच न जुमानणाऱ्या मोठ्या फिटमधे संधिवाताचं ॲनाकिन्रा नावाचं औषध वापरून बघितलंय, ते इंटरल्युकिन-वन या दाह भडकवणाऱ्या रसायनाचा मार्ग अडवतं. मिलानमधल्या ॲनामारिया वेझानी यांच्या प्रयोगशाळेनं हाच मार्ग वर्षानुवर्षं प्राण्यांत अभ्यासला, फिट आली की मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट पेशी इंटरल्युकिन सोडतात, त्यानं पुढची फिट सोपी होते, त्या फिटनं परत इंटरल्युकिन. हे चक्र खरं असलं तरी रोजच्या साध्या एपिलेप्सीत ते तोडणारं औषध अजून नेहमीच्या वापरात आलेलं नाही, तिथं फिटच्या गोळ्याच. उगाच स्टेरॉईड मागायला जाऊ नका, तात्यांची २९० शुगर आठवा.

आत्ताची स्थिती. हात उडणं बंद. सोडियम १३७. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत साडेसात मिलिग्रॅमवर आलंय. लेव्हेटिरासिटॅम पण कमी करायचं चाललंय, कारण अशा दाहातल्या फिट आणि जन्माची एपिलेप्सी या दोन वेगळ्या गोष्टी धरतात, दाह विझला की बऱ्याच जणांना फिटची गोळी कायमची लागत नाही. पण डोकं पूर्ण आलं नाही. त्या हिवाळ्यातले तीन-चार महिने पुसले गेलेत, नातवाचं बारसं विचारलं तर सगळं सांगतात, काल कोण भेटायला आलं ते नाही. यंदा गुऱ्हाळावर गेले, काहिलीपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसवलंय, झटक्याचा भरवसा नाही म्हणून. तिथनं बसून नुसता फेस आणि रंग बघून आदण कधी उतरवायचं ते अचूक सांगतात, कारण हाताच्या नि डोळ्याच्या सवयीची आठवण हिप्पोकॅम्पसवर फारशी अवलंबून नसते. ऊस कुणाचा चाललाय हे मात्र प्रत्येक आदणाला थोरल्याला विचारतात. मॅडम म्हणतात स्मरणशक्ती एक-दोन वर्षांपर्यंत सुधारत राहते, सगळ्यांची पूर्ण येत नाही. पुढच्या महिन्यात एमआरआय आणि सोडियम परत आहे, कॅलेंडरच्या रेघांचं काम आता सुनेनं घेतलंय.